मदत हवी आहे: बाबांना पेंडाइनच्या वाळूवर हॉट रॉड बघायला न्यायचंय

नमस्कार मंडळी,

मी कार्डिफला राहतो. आईबाबा पुढच्या महिन्यात कोल्हापूरहून येताहेत. बाबा ६९ वर्षांचे, उद्यमनगरात चाळीसेक वर्षं गॅरेज चालवलं. गेल्या खेपेला त्यांना लंडन दाखवलं, किल्ले दाखवले, डोंगर दाखवले. सगळ्यावर एकच शेरा, "बरं हाय." चेहरा खुलला तो एकदाच, शेजाऱ्याची जुनी मॉरिस मायनर सुरू होईना तेव्हा. कोट काढून तासभर बॉनेटमध्ये डोकं घालून बसले. आई म्हणाली, यासाठी विमानाचं तिकीट काढलंत होय!

म्हणून यंदा ठरवलंय की त्यांना पेंडाइनला न्यायचं. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कार्मार्थनशरमध्ये हे छोटंसं गाव आहे, पण पुळण सात मैलांची. २०१३ पासून व्हिंटेज हॉट रॉड असोसिएशनचे लोक तिथे जुन्या हॉट रॉड घेऊन जमतात आणि ओल्या वाळूवर पळवतात. हॉट रॉड म्हणजे काय हे मलाही गेल्या वर्षीपर्यंत धड माहीत नव्हतं. १९२०-३० च्या दशकातली साधी फोर्ड घ्यायची, मडगार्ड-बिडगार्ड उतरवायचं, टप कापून बुटका करायचा आणि इंजिन जोरदार करायचं. अमेरिकेतल्या पोरांनी कमी पैशांत काढलेला उद्योग.

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "समुद्राच्या वाळूत गाड्या पळवत्यात? येडी हाईत काय? मीठ लागंल की!" पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, इंजिन कुठलं असतंय म्हणून.

आता अडचणी. बाबांचे गुडघे दुखतात, वाळूत फार चालवत नाही. वारा कितपत झोंबतो? गाडीने जावं की ट्रेनने? आणि खरा प्रश्न असा की बाबांना हात लावल्याशिवाय गाडी दिसत नाही. इंग्रजी यथातथा. लोक आपल्या गाडीजवळ येऊ देतात का, बॉनेट उघडून दाखवतात का, की मला दिवसभर त्यांचा हात धरून उभं राहावं लागेल?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

*

स्वान्सीकर: दोनदा गेलोय, जरूर न्या. गाडीनेच जा. एम४ मोटरवे संपला की ए४८ ने कार्मार्थन, पुढे ए४० ने सेंट क्लिअर्स, तिथून लार्नवरून पेंडाइन. तुम्हाला दोन तासांच्या आसपास लागतील. ट्रेन कार्मार्थनपर्यंत ठीक आहे, पण पुढे बसच्या वेळा सांभाळत बसावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते नको.

तारीख पक्की होईपर्यंत बाकी काही बुक करू नका. इथे सगळा कारभार भरती-ओहोटीच्या हातात. पाणी मागे हटलं की वाळू ओली, सपाट आणि टणक राहते, तेवढ्या वेळेतच पळवायच्या. घडीची खुर्ची न्या. वारा विचारूच नका, माकडटोपी हवीच. तिथे कुणी हसणार नाही, निम्मे लोक तशाच अवतारात असतात. दशम्या-चटणी आणि थर्मासभर चहा घरून न्या.

हात लावायचं म्हणाल तर आधी विचारायचं, एवढंच. मला भेटलेल्या मालकांना रंगापेक्षा इंजिनाबद्दल विचारलेलं जास्त आवडलं. एकदा बोलायला लागले की सोडत नाहीत, उलट तुम्हालाच पळ काढावा लागेल.

जुना मिस्त्री: तुमच्या बाबांनी लष्कराने डिस्पोजलला काढलेल्या विलीस जीप खोलल्या असतील ना? मग भाषेची काळजी सोडा. फोर्डचं १९३२ चं व्ही-८ त्याच पठडीतलं, साइड व्हॉल्व्हचं. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, वर हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण, म्हणून त्याला फ्लॅटहेड म्हणतात. २२१ घनइंच, ६५ हॉर्सपॉवर. सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडर आले ते याच्यामुळे.

बाबांना एक गंमत करायला सांगा. मूळ इंजिनात सिलिंडर एका बाजूला चार, पण एक्झॉस्टची तोंडं तीनच. मधल्या दोघांचा धूर एकाच वाटेने बाहेर येतो आणि तीही ब्लॉकमधून, पाण्याच्या जॅकेटला चिकटून. त्यामुळे हे इंजिन तापतं. बाबांनी ती तीन तोंडं मोजून मालकाकडे बघून नुसती मान हलवली, तरी पुरे. पुढचं तो मालक बघून घेईल.

मुंबईकर: वाळूत गाडी? कोकणात दर सुट्टीत कुणाची तरी एसयूव्ही भरतीत रुतते आणि मग बैल नाहीतर ट्रॅक्टर शोधत फिरतात. तुमची स्वतःची गाडी रस्त्यावरच ठेवा हो!

स्वान्सीकर: +१. आणि घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, खारा वारा लागतोच. मिठाबद्दल बाबांचं बरोबर आहे.

राहून गेलं होतं, बॅब्जची गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा. १९२४ ला माल्कम कॅम्पबेल या रेसरने याच वाळूवर ताशी १४६.१६ मैलांचा विक्रम केला. मग पॅरी-थॉमस नावाचा दुसरा रेसर आणि त्याची चुरस लागली. थॉमसच्या गाडीचं नाव बॅब्ज, आत २७ लिटरचं, लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन. ३ मार्च १९२७ ला कॅम्पबेलकडून विक्रम परत मिळवताना गाडी उलटली, थॉमस जागीच गेला. गाडी तिथेच वाळूत पुरून टाकली. ४२ वर्षांनी, १९६९ ला, ओवेन विन ओवेन नावाच्या माणसाने ती उकरून काढली आणि पुन्हा चालू केली.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद रात्री बाबांना फोनवर वाचून दाखवले. तीन तोंडांचं ऐकल्यावर म्हणाले, "तापणारच की, त्यात काय सांगायचं!" बॅब्जचं ऐकून मात्र बराच वेळ गप्प. मग हळूच विचारलं, "बेचाळीस वर्सं वाळूत, म्हंजे पिस्टन जाम झालं असतील. डिझेल ओतून ठेवलं असंल का त्यानं?" कुणाला माहीत असेल तर सांगा, मी अडकलोय.

शिवाय आत्ताच आईचा मेसेज आला. बाबांनी फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) आणि दहा-अकराचा पाना बॅगेत ठेवलाय, काढायला तयार नाहीत. चेक-इनच्या बॅगेत चालतो ना?