शब्दचर्चा: ब्राउन एल खमंग की खरपूस?

कृष्णाकाठचा (सांगली): मंडळी, जरा मदत करा. पुण्यातनं क्राफ्ट ब्राउन एल (छोट्या ब्रूअरीतली तपकिरी बिअर) आणलेली, तिचा रिव्ह्यू मराठीत लिहायला घेतलाय. इंग्रजीत सगळे टोस्टी, नटी, रोस्टी असं लिहून मोकळे होतात. मी आपलं 'खमंग बिअर' लिहिलं तर मित्र म्हणतो खमंग काय, काकडीए का ती? मग काय लिहू?

कंदीपेढा (सातारा): मित्राचं बरोबराय. खमंग म्हटलं की आधी वास येतो, तोही फोडणीचा नाहीतर तुपाचा, म्हणजे कुठंतरी स्निग्ध काहीतरी लागतंच. तुला पाहिजे तो शब्द खरपूस, कारण तो भाजण्याचा शब्दए आणि ब्राउन एलची सगळी चव भाजण्यातनंच येते. माल्ट म्हणजे काय, सातूला मोड आणायचे (नाचणी सत्त्वाला आणतो तसे), वाळवायचे आणि मग कमीजास्त भाजायचे. जास्त भाजला की चॉकलेट माल्ट, ज्यात चॉकलेट अजिबात नसतं, रंगावरनं पडलेलं नाव आहे. आमच्याकडं कंदी पेढ्याचा खवा तांबूस होईस्तवर भाजतात त्यातही तीच माय्यार रिअॅक्शन, म्हणजे भाजताना रंग न् चव आणणारी. तेव्हा खरपूस लिही, बिनधास्त.

गुऱ्हाळवाला: +१, फक्त खरपूसच्या पुढं करपट लागतो हे ध्यानात ठेव. स्टाउटमध्ये (काळी बिअर असते ती) मोड न आणलेला सातू काळा होईपर्यंत भाजून घालतात, तिथं थोडं करपट चालतं, लोक त्यासाठीच पितात. ब्राउन एलला करपट म्हणालास तर ती तक्रार झाली.

कृष्णाकाठचा: आणि गोडव्याला? काकवी लिहू का?

गुऱ्हाळवाला: नको रे भावा. काकवीला उसाचा वास असतो आणि शेवटी किंचित खारट लागते. ब्राउन एलमध्ये क्रिस्टल माल्टचा (आतली साखर कॅरमल झालेला माल्ट) गोडवा असतो, तो चिक्कीचा पाक जरा पुढं गेल्यावर लागतो तसा. आपण सांगलीचे म्हणून दिसेल तिथं गूळ घालायचं कारण नाय.

द्राक्षबाग (तासगाव): सुक्या द्राक्षाचा भास होत असेल तर बेदाणा पण लिहू नका. आमचा हिरवट बेदाणा आंबटगोड, त्याचा इथं संबंध नाही. काळी मनुका म्हणा. आणि नटीला 'दाण्यासारखी' चालेल पण भाजलेला दाणा, तोही सालासकट, त्या सालीचा जो हलका तुरटपणा असतो ना तो काही ब्राउन एलमध्ये मला लागतो.

कृष्णाकाठचा: तुरट का कडवट पण? मी दोन्ही लिहिलंय

कंदीपेढा: वेगवेगळंय ते. कडवटपणा हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, तो जिभेवर रेंगाळतो. तुरट म्हणजे तोंड कोरडं पडल्यासारखं, ते धान्याच्या टरफलातल्या टॅनिननं होतं. ब्राउन एलमध्ये कडवटपणा बेतानंच असतो, बीजेसीपीच्या (बिअरच्या परीक्षकांची संस्था) २०२१ च्या गाइडलाइनमध्ये ब्रिटिश ब्राउन एलला २० ते ३० आयबीयू (कडवटपणाचं माप) दिलेत. म्हणून कडवट म्हण, कडू नको, कडू म्हटलं की कारलं नाहीतर औषध आठवतं. न्यूकॅसल ब्राउन एल १९२७ ला आली तेव्हापासनं ही सौम्य म्हणूनच चाललीय.

द्राक्षबाग (तासगाव): फ्रिजमधनं काढून लगेच चाखली का? मग वरच्या सगळ्या शब्दांचा उपयोग नाही, गारठलेल्या बिअरला वासच येत नाही. बाहेर ठेवून जरा निवळू दे गारठा.

कृष्णाकाठचा: हो तसंच झालं असणार, दुसरा ग्लास जास्त चांगला लागलेला. शेवटचं, आफ्टरटेस्टला काय?

गुऱ्हाळवाला: 'मागून येणारी चव' म्हण नाहीतर 'रेंगाळते' एवढंच लिही, पुरतंय. पश्चातस्वाद वगैरे लिहिलंस तर सांगलीत कोण वाचणार नाय.