लेहरा धरणाऱ्यानं काय करावं

एकानं विचारलंय, की ज्यांना ऐकत मोठे झालो त्यांच्यासोबत स्मृती मैफलीत पखवाजाच्या साथीला पेटीवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाची तीच तीच सुरांची ओळ, धरून बसायचं, तर आपणही थोडं वाजवून दाखवावं का? माझ्या मते अजिबात नको.

आमच्या मराठवाड्यात पखवाज म्हटलं की पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांचं नाव निघतंच. वारकरी परंपरेतून आलेला हात! अंबाजोगाईला त्यांच्या आठवणीत झालेल्या एका छोट्या कार्यक्रमात मी पेटीवर लेहरा धरला होता. चौताल म्हणजे १२ मात्रांचा ताल, तीच ओळ पुन्हा पुन्हा. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय विशेष? पण वाजवणारा तिहाई (तोच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तो तुमच्या ओळीच्या भरवशावर. लय जरा चढली की परणाचे, म्हणजे पखवाजाच्या बांधीव रचनेचे, बोल चेंगरलेच. दाद द्यायच्या नादात भाता ढिला पडतो, तेही सांभाळा.

पेटीचा सूर हलत नाही, तेव्हा पखवाजच पेटीला जुळवावा लागतो. म्हणून लवकर जाऊन सा देऊन ठेवा. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे चामड्याच्या तोंडाला, कणीक लावायची, थाप मारून बघायची, थोडी काढायची, पुन्हा थाप. उजवीकडे हातोडी चालूच. याला वेळ लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती कणीक भराभर सुकते, मग मधेच पाण्याचा हात फिरवणं आलं. निवेदकाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो तेवढ्यात शेरोशायरी सुरू करतो.

आणि पाया पडणं, फोटो वगैरे मंचावर चढायच्या आधीच उरकून घ्या.