सायकल दुरुस्त करणाऱ्याला बक्षिसी द्यावी, की मजुरीच पूर्ण द्यावी? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

उलटा आटा

सायकलच्या दुकानात ज्याने मनापासून मदत केली त्याच्या हातावर काही न ठेवता निघून जाणारा ग्राहक कृतघ्न असतो, बिलाचे दहा टक्के ही किमान बक्षिसी आहे आणि ज्याला तेवढे जड जाते त्याने चांगली सायकल बाळगूच नये, असे एका सायकलस्वाराचे लिखाण नुकतेच वाचनात आले. त्याखाली माना डोलावणाऱ्यांची जी रांग लागली, ती पाहून गप्प राहवेना.

मिस्त्रीच्या कामाला मी कमी लेखतो असा समज कोणी करून घेऊ नये. डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा गियरचा भाग, फ्रेमला ज्या पट्टीने जोडतात तो हँगर मुद्दामच मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे सायकल आपटली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. तो किंचित जरी वाकला तरी गियर कुरकुर करू लागतात. अर्धवट माहितीचा माणूस गियरच्या केबलचा ताण कमीजास्त करत बसतो, तर जाणकार मिस्त्री आधी मापक लावून हँगर चाकाशी समांतर करतो आणि मगच केबलकडे वळतो. हे शिकून आलेले कौशल्य आहे. त्याची किंमत दुकानाच्या दरपत्रकात असली पाहिजे, ग्राहकाच्या त्या दिवशीच्या मर्जीत नव्हे. दात काढणाऱ्या डॉक्टरच्या खिशात आपण जाताना नोट सरकवत नाही.

आता त्या दहा टक्क्यांकडे पाहू. स्वस्त टायर चढवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच महाग टायर चढवायला लागतो, मग बक्षिसी दुपटीने का वाढावी? उलट हँगर सरळ करण्यात खरा हात लागतो, पण त्याचे बिल एवढेसे होते आणि दहा टक्केही नगण्य होतात. म्हणजे टक्केवारीचा हा हिशेब काम करणाऱ्याचा नाही, विकणाऱ्याचा सन्मान करतो. शिवाय पैसे पोहोचतात ते काउंटरवर हसून बोलणाऱ्याकडे, आणि आत ग्रीसने हात माखलेला माणूस तसाच राहतो. मजुरी घासाघीस न करता द्या, सायकल धुऊन न्या, काम चोख झाले तर मालकाला त्या माणसाचे नाव घेऊन सांगा, पण हा रिवाज या दुकानांत शिरू देऊ नका.

हवा भरा

आपला युक्तिवाद तर्काला धरून आहे, पण त्यात एक गृहीतक गुपचूप बसले आहे. आपण दिलेली मजुरी मिस्त्रीला मिळते, असे आपण धरून चालला आहात. ती गल्ल्यात जाते आणि मिस्त्रीला त्याचा ठरलेला पगार मिळतो. आपण घासाघीस केली नाही याचा आनंद मालकाला होतो.

माझ्या जुन्या पोलादी सायकलीत अॅल्युमिनियमची सीटपोस्ट (सीटखालची दांडी) जखडून बसली होती. दोन वेगळे धातू, मध्ये ग्रीसचा थेंब नाही आणि वर्षानुवर्षे झिरपलेले पाणी व घाम, त्यामुळे आतल्या आत गंज धरून दोन्ही एकजीव झाल्यासारखे झाले होते. काही दुकानांनी फ्रेम तडकेल या भीतीने हातच लावला नाही. शेवटी एका दुकानातील तरुण मिस्त्रीने ते काम अंगावर घेतले. तिने आधी गंज सोडवणारे तेल मुरू दिले, मग सायकल उलटी करून सीटपोस्टचे टोक व्हाइसमध्ये धरले आणि अख्खी फ्रेमच तरफेसारखी फिरवून पाहिली. तरीही ते हलेना, तेव्हा आतून करवतीच्या पात्याने सीटपोस्ट उभी चिरली, आणि तेही फ्रेमच्या नळीला ओरखडा न पाडता. या कामात तिची दुपार गेली. बिलात मात्र आधी सांगितलेल्या अंदाजाप्रमाणे एका तासाचीच मजुरी होती, कारण शब्द दिला होता. मी तिच्या हातात वेगळे पैसे दिले. आपल्या तत्त्वज्ञानाप्रमाणे मी काय करायला हवे होते, मालकाला पत्र लिहायला हवे होते का?

उलटा आटा

मालकाला सांगून बिलच दुरुस्त करून घ्यायला हवे होते. अंदाज चुकला हे मालकाचे नुकसान आहे आणि ते भरून काढणे हे ग्राहकाचे काम आहे, पण रीतसर बिलातून. आपण दिलेल्या पैशाने झाले एवढेच की, पुढच्या वेळीही अंदाज एका तासाचाच सांगितला जाईल आणि उरलेली दुपार एखाद्या दयाळू ग्राहकाच्या भरवशावर सोडली जाईल.

गिऱ्हाईक

आपण दोघेही भल्या दुकानांत जाता, असे दिसते. माझा अनुभव असा की, चेन बदलायला सायकल नेली की, ‘‘कॅसेटही (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) गेली आहे, पुढच्या चकत्याही बदलाव्या लागतील,’’ असे ऐकू येते. मी साध्या चेनसाठी गेलो होतो आणि निम्मी सायकल नवी करून परतलो. वर तो मदतनीस मोठ्या आशेने माझ्याकडे पाहत उभा होता! ज्याने मला कापले, त्यालाच मी बक्षिसी द्यायची का? आधी या मंडळींनी प्रामाणिकपणे निदान करावे, मग बक्षिसीची चर्चा करू.

जुना स्पोक

आयुष्याचा बराच काळ चाकांचे आऊट काढण्यात, म्हणजे डुलणारी चाके सरळ करण्यात, घालवलेला मी माणूस आहे, म्हणून याचे उत्तर देणे भाग आहे. चेनच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. चेन वापरून ‘ताणली’ जाते, म्हणजे प्रत्यक्षात पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजून हे अंतर वाढते. वाढलेल्या अंतराची चेन कॅसेटचे दात स्वतःच्या मापाने कोरत जाते. त्यानंतर नवी चेन जुन्या कॅसेटवर चढवली की, चढावर जोर देताच ती दातांवरून उसळते. चेन वेळेवर बदलली असती तर कॅसेट वाचली असती. आपण चेन पार मरेपर्यंत चालवली, त्याची शिक्षा मदतनिसाला का?

गिऱ्हाईक

हे व्याख्यान मी दुकानातही ऐकले होते. मापक त्यांच्या हातात, निदान त्यांचे आणि विक्रीही त्यांचीच. झीज किती झाली म्हणजे ‘पार मेली’ हे कोण ठरवणार? एकाने सांगितले अर्धा टक्का, दुसऱ्याने सांगितले पाऊण टक्का. या पाव टक्क्यातच दुकानाचे भाडे निघत असावे.

जुना स्पोक

दोघेही बरोबर सांगत होते, फक्त ऐकणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला नाही. मागे अकरा किंवा बारा चकत्या असतील तर चेन अरुंद असते आणि ती अर्ध्या टक्क्याला बदलावी. दहा किंवा त्याहून कमी असतील तर पाऊण टक्क्यापर्यंत सहसा चालते. आणि मापक दुकानाच्या हातात असण्याची तक्रार तर अगदीच पोकळ आहे. घरची पोलादी पट्टी घ्यावी आणि एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवावे. नव्या चेनमध्ये तिच्यापासून चोविसावी पिन नेमकी १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे सरकली असेल तर झीज सुमारे अर्धा टक्का झाली, असे समजावे. एवढे करण्याचा कंटाळा असेल तर निदान दुसऱ्याला चोर म्हणण्याचाही कंटाळा करावा.

गिऱ्हाईक

मी कोणालाही चोर म्हटलेले नाही, पण टोपी कोणाला बसली ते दिसलेच. आता आपल्या ज्ञानाच्या उजेडात हेही सांगून टाका की, चेनमध्ये घुसवण्याची काही मापके रोलरचा (पिनेभोवती फिरणाऱ्या छोट्या नळीचा) सैलपणाही झिजेत मिळवतात आणि झीज आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, हे खरे की खोटे?

जुना स्पोक

खरे आहे. चांगल्या दुकानात रोलरचा सैलपणा वगळणारे मापक ठेवतात. आपण कुठे गेलात ते मला ठाऊक नाही आणि जाणून घेण्याची इच्छाही नाही.

तिसरा गियर

चेनचा निकाल लागेपर्यंत मूळ विषयावर एक आठवण करून देतो. राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते आणि त्यांच्या १९०३ सालच्या विमानाचे इंजिन चार्ली टेलर या त्यांच्याच दुकानातील मिस्त्रीने सुमारे सहा आठवड्यांत घडवले. पाना फिरवणाऱ्याकडे ‘मदतनीस’ म्हणून पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे आणि हात जरा सैल सोडावा.

उलटा आटा

उदाहरण उत्तम आहे, फक्त ते माझ्या बाजूचे आहे. टेलरला राइट बंधू पगार देत होते, दुकानात आलेल्या ग्राहकांनी वर्गणी काढून इंजिन बनवून घेतले नव्हते.

तिसरा गियर

आणि ऑरव्हिल राइटने मृत्युपत्रात टेलरसाठी वर्षाला ८०० डॉलरची तरतूद करून ठेवली होती, तिला आपण काय म्हणाल? तो पगार नव्हता आणि कोणत्याही दरपत्रकातही ती रक्कम नव्हती.

उलटा आटा

मालकाने दिलेले मालकाने दिले. ग्राहकाचा त्यात संबंध नाही, हेच तर मी पहिल्यापासून सांगतो आहे. चेनच्या भांडणातूनही तेच निघते. सुटे भाग विकल्यावर कर्मचाऱ्याला दलाली मिळत असेल तर त्याच्या सल्ल्यावर आधीच संशय येतो. त्यावर बिलाच्या टक्क्यांनी बक्षिसी ठेवली की जास्त विकण्याचे दुसरे कारण आपणच त्याच्या हाती देतो. गिऱ्हाईक यांची तक्रार खरी असो वा नसो, ही व्यवस्था तशा तक्रारी पिकवणारीच आहे.

हवा भरा

टक्केवारी मूर्खपणाची आहे हे मला मान्य आहे, आणि आपल्याशी एका वाक्यापुरते एकमत झाल्याची नोंद कृपया घ्यावी. पण यातून बक्षिसी बंद करा असे निघत नाही, बक्षिसी कोणाला द्यावी हे निघते. माझ्या मागच्या चाकाचा खडखडाट ऐकून एकाने नवे चाक सुचवले होते. दुसऱ्याने हब (चाकाचा मधला भाग) उघडले, छर्रे बदलले, छर्रे ज्यांवर फिरतात त्या शंकूंना खड्डे पडलेले नाहीत हे मला दाखवले, ग्रीस भरून ते परत बसवले आणि सांगितले की चाकाला काहीही झालेले नाही. ज्याने विक्री टाळली त्याच्या कामाची पावती बिलात कधीच उमटत नाही, उलट त्याच्यामुळे दुकानाचा गल्ला कमीच भरतो. त्याची नोंद ग्राहकाने नाही घ्यायची तर कोणी घ्यायची? मालक तर घेणार नाही.

मागचे चाक

मी सध्या दुकानात काम करतो आणि इतका वेळ माझ्याविषयी चाललेली चर्चा वाचतो आहे. पगार वाढेल या आशेवर बक्षिसी नाकारण्याइतकी तात्त्विक चैन मला परवडत नाही, हे आधीच सांगतो. पण देणाऱ्यांनाही काही गोष्टी कळाव्यात. काम सुरू होण्यापूर्वी पैसे पुढे केले तर त्याचा अर्थ ‘माझी सायकल आधी घे’ असाच होतो, आणि मग रांगेतल्या इतरांच्या नजरा मला झेलाव्या लागतात. पैसे भरण्याच्या यंत्राच्या पडद्यावर टक्क्यांचे जे पर्याय उगवतात, त्यांनी ग्राहकाइतकाच मीही ओशाळतो, आणि ते पैसे कोणाच्या वाट्याला जातात हे मालकाला विचारल्याशिवाय समजत नाही. काउंटरवर डबा असेल तर तो कोणाकोणात वाटला जातो, हेही विचारावे. मालक स्वतःच पाना फिरवत असेल तर त्याला काही देण्याची गरज नाही, दर त्यानेच ठरवलेले आहेत.

खरी गोची वॉरंटीच्या कामात असते. सुटा भाग कंपनी देते, ग्राहकाचे बिल शून्य होते, पण जुना भाग काढून नवा बसवायला लागलेला वेळ अनेकदा कोणीच धड भरून देत नाही. तिथे मिळालेले थोडेसेही लक्षात राहते. दोन मिनिटांत केबलचा ताण जुळवून दिला आणि ‘राहू द्या’ म्हटले, तर ते खरोखर राहू द्यावे, पुढचे काम आमच्याकडे आणावे. आणि बक्षिसीपेक्षा मोठा उपकार हवा असेल तर चेनवर मारायचे फवाऱ्याचे तेल ब्रेकच्या डिस्कवर उडवू नका, आणि मिनरल ऑइलवर चालणाऱ्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (दुसऱ्या प्रकारचे ब्रेकचे द्रव) भरून सील फुगवल्यानंतर ‘हे आपोआप झाले’ असे सांगत येऊ नका. अशा ग्राहकाने नोट पुढे केली तर मी ती घेतो, पण माझे मत बदलत नाही.

उलटा आटा

वॉरंटीच्या कामापुरती माझी हरकत मागे घेतो, कारण तिथे दरपत्रकच अस्तित्वात नसते आणि माझा सारा युक्तिवाद दरपत्रकावर उभा आहे. श्री. हवा भरा यांनी याला विजय समजून मिरवणूक काढू नये. बाकी सर्व बाबतीत, विशेषतः त्या टक्क्यांच्या बाबतीत, मी जिथे होतो तिथेच आहे.

हवा भरा

मिरवणुकीला सायकल लागेल आणि ती नुकतीच धुतली आहे, त्यामुळे तूर्त रद्द.

गिऱ्हाईक

पट्टी लावून पाहिली. पिन १/१६ इंचही पुढे सरकलेली नाही, आणि ही माझी दुसरी सायकल आहे, जिची चेन त्याच दुकानाने मागच्याच भेटीत ‘संपली’ म्हणून सांगितली होती. आता बोला.

जुना स्पोक

मोजताना चेनवर ताण होता का?

गिऱ्हाईक

चेनवर नव्हता, मोजणाऱ्यावर होता.

जुना स्पोक

मग पेडल दाबून धरा, चेनची वरची बाजू ताठ करा आणि पुन्हा मोजा. त्यानंतरही पिन जागेवरच राहिली तर त्या दुकानात परत जाऊ नका, हे मीच सांगतो आहे असे समजा.