पीएचपी : दुसऱ्या फोरईच लूपमध्ये अ‍ॅरेचा शेवटचा आकडा बदलतो, मदत हवी आहे

नमस्कार. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ८ व्या आवृत्तीत लिहिलेल्या एका लहानशा स्क्रिप्टने मला दोन दिवस चकवले आहे. अ‍ॅरेमध्ये, म्हणजे क्रमाने ठेवलेल्या यादीत, १०, २०, ३० आणि ४० असे चार आकडे आहेत. प्रत्येक आकडा जागच्या जागी दुप्पट करायचा असल्यामुळे पहिल्या फोरईच लूपमध्ये (यादीतला एकेक घटक घेऊन तेच काम करणारी रचना) मी 'किंमत' या व्हेरिएबलआधी अँपरसँड (& हे चिन्ह) लावले आहे. लगेच खाली दुसरा फोरईच आहे. त्यातही व्हेरिएबलचे नाव 'किंमत' हेच आहे, परंतु अँपरसँड नाही, आणि आकडे छापण्यापलीकडे तो काहीही करत नाही. २०, ४०, ६०, ८० अपेक्षित असताना छापून येते ते २०, ४०, ६०, ६०.

दोन्ही लूपच्या मध्ये व्हार-डंप करून (आत काय आहे ते छापून) पाहिले, तेव्हा ८० जागेवर होते, म्हणजे गुणाकारात चूक नाही. फक्त त्या शेवटच्या घटकापुढे एक अँपरसँड दिसले, ज्याकडे मी आधी दुर्लक्ष केले होते. दुसऱ्या लूपमधील नाव बदलले की उत्तर बरोबर येते. काम भागले, पण कारण कळल्याशिवाय पुढे जाववत नाही. पीएचपी ७ पासून साधा फोरईच अ‍ॅरेच्या प्रतीवर फिरतो, असे वाचले होते. मग नुसत्या वाचणाऱ्या लूपमुळे मूळ आकडा कसा बदलतो?

उत्तर :

आपला दुसरा लूप नुसता वाचत नाही; प्रत्येक फेरीत तो 'किंमत'मध्ये लिहितो, आणि गोम तिथेच आहे. पीएचपीमध्ये लूप संपला तरी त्याचे व्हेरिएबल शिल्लक राहते, त्यामुळे अँपरसँड लावलेले 'किंमत' पहिल्या लूपनंतरही शेवटच्या घटकाचेच दुसरे नाव, म्हणजे रेफरन्स, असते. त्या घटकात आधी २० जातात, मग ४०, मग ६०, आणि चौथ्या फेरीत तो स्वतःचेच ६० स्वतःला देतो. प्रतीबद्दल आपण वाचले ते खरे आहे, परंतु प्रत होताना रेफरन्स असलेला घटक वेगळा होत नाही, तो दोन्हीकडे सामायिकच राहतो. पहिल्या लूपच्या खालीच 'किंमत' अनसेट करावे, म्हणजे ते नाव काढून टाकावे. त्याने आकडा पुसला जात नाही, केवळ हा दुवा तुटतो. मी स्वतः मात्र रेफरन्सच्या वाटेला न जाता लूपमध्ये इंडेक्सही (घटकाचा क्रमांक) घेतो आणि त्या इंडेक्सवर अ‍ॅरेत थेट लिहितो, म्हणजे अनसेट विसरण्याचा प्रश्नच उरत नाही.