इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) टेबलच्या ओळी वर-खाली करायच्यात, पट्ट्यांचा रंग न बिघडता. सल्ला द्या

अनगोळकर
नमस्कार मंडळी. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका करालोय. त्यात देणगीदारांचं टेबल आहे: अनुक्रमांक, नाव, गाव, रक्कम. 412 ओळी, सहा पानं. एक ओळ पांढरी, एक फिकट केशरी. कमिटी आधी म्हणाली रकमेप्रमाणे लावा. लावलं. मग म्हणाली गावाप्रमाणे लावा, उचगाव, बेळगुंदी, किणये असं. तेही केलं. काल रात्री साडेदहाला फोन: आमच्या एका तात्यांचे पाच हजार नव्हेत ओ, पंधरा हजार, त्यांना वर घ्या. ओळ कापून वर चिकटवली तर दोन केशरी पट्ट्या शेजारी आल्या आणि 38 च्या खाली 112 नंबर. एवढ्यासाठी सगळं परत रंगवायचं काय? आवृत्ती 2020 ची आहे. शुक्रवारी प्रेसला द्यायचंय.

खडेबाजार_डीटीपी
एकेक ओळ निवडून रंग भरलाय ना? घोळ तिथंच आहे. हातानं भरलेला रंग त्या सेलला चिकटतो, ओळ जाईल तिकडं तो सोबत जातो. पट्टा ओळीचा नको, जागेचा पाहिजे.

टेबलात कर्सर ठेवा. टेबल मेनू, टेबल ऑप्शन्स, अल्टरनेटिंग फिल्स. पॅटर्न 'एव्हरी अदर रो', एकीकडं केशरी, दुसरीकडं 'नन' (रंग नाही). खाली 'प्रिझर्व्ह लोकल फॉरमॅटिंग' आहे, त्याची खूण काढा, म्हणजे हातानं रंगवलेलं पुसलं जाईल. आता कुठलीही ओळ कुठंही न्या, पट्टे जागच्या जागी.

मथळ्याची ओळ हेडर रो करून टाका. दर पानावर आपोआप येते आणि पट्ट्यांच्या हिशेबात धरली जात नाही.

नंदगडचा_पोरगा
कापून चिकटवता कशाला? 2014 च्या सीसी आवृत्तीपासून ओळ माऊसनं ओढता येते की. टेबलाच्या डाव्या कडेला बाण दिसला की क्लिक, पूर्ण ओळ निवडली जाते. नाहीतर ओळीत कर्सर ठेवून कंट्रोल+3. मग निवडलेल्या भागावर माऊस न्या, खूण बदलली की धरून ओढा. जाड रेघ दिसेल तिथं सोडा. ऑल्ट दाबून ओढली तर नक्कल होते, तेवढं सांभाळा, नाहीतर तात्यांचे पंधरा हजार दोनदा छापून येतील 😀

वर्डमध्ये ऑल्ट+शिफ्ट+वरचा बाण मारला की ओळ एकेक घर वर चढते. इनडिझाइनला ते जमत नाही.

अनगोळकर
रंगाचं झालं दादा, एका मिनिटात! पण नंबर?

खडेबाजार_डीटीपी
नंबर टाइप करायचेच नाहीत. अनुक्रमांकाच्या रकान्यासाठी वेगळी पॅराग्राफ स्टाइल करा, बुलेट्स अँड नंबरिंगमध्ये लिस्ट टाइप 'नंबर्स'. टाइप केलेले आकडे काढून ती स्टाइल त्या रकान्याला द्या. ओळ हलली की नंबर आपले आपण लागतात.

आणखी एक, ही माझी स्वतःची चूक आहे. एका स्मरणिकेत मी ओळींची उंची 'एक्झॅक्टली' ठेवली होती, टेबल रेखीव दिसावं म्हणून. एक लांब नाव दुसऱ्या ओळीवर गेलं, सेलमध्ये मावेना. कोपऱ्यात बारीक लाल ठिपका आला, मला दिसला नाही. ठिपका छापला जात नाही, न मावलेलं आडनावही छापलं नाही. छापील प्रत घेऊन ते गृहस्थ प्रेसच्या दारात उभे! तेव्हापासून उंची 'ॲट लीस्ट'. उकार-रफारांच्या गर्दीतही ओळ वाढून घेते. पाठवण्याआधी प्रीफ्लाइटमध्ये (छपाईआधीची तपासणी) ओव्हरसेट, म्हणजे न मावलेला मजकूर, शून्य आहे का बघा.

निपाणीकाका
एक-दोन ओळींपुरतं ओढणं ठीक. पहिल्या पानावरची सहाव्यावर न्यायची तर हात दुखतो. कमिटी परत क्रम बदलणारच, तेव्हा यादी एक्सेलमध्येच ठेवा. तिथं सॉर्ट करा, इनडिझाइनच्या प्रेफरन्सेसमध्ये क्लिपबोर्ड हँडलिंग 'टेक्स्ट ओन्ली' ठेवा. मग इनडिझाइनमध्ये मथळा आणि नंबरांचा रकाना सोडून बाकीचे सेल निवडा नि पेस्ट मारा. मजकूर बदलतो, सजावट राहते. ओळींची संख्या तेवढीच पाहिजे. इनडिझाइनच्या टेबलात सॉर्टची सोय नाही.

मजकूर मात्र युनिकोडमध्ये पाहिजे. जुन्या श्रीलिपीच्या फाँटमधली नावं सॉर्ट केली की भलताच क्रम लागतो. आत ती मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी कळांचे कोड असतात.

अनगोळकर
झालं सगळं. तात्या चौथ्या ओळीवर बसले. आता कमिटी म्हणते, नावं कन्नडमध्येही पाहिजेत, एक रकाना वाढवा.

खडेबाजार_डीटीपी
रकाना कंट्रोल+ऑल्ट+9 नं वाढतो, आणि ओळीसारखाच ओढताही येतो. नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप केलेलं कुणी आणून दिलं तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, फाँट तुंगा चालेल. परिच्छेदाचा कंपोझर (अक्षरं-ओळी जुळवणारी सोय) 'वर्ल्ड-रेडी' करा, नाहीतर कन्नडचे ओत्तक्षर (खाली जोडलेली अक्षरं) सुटे पडतात. मराठीची जोडाक्षरंही. आणि कमिटीची सही घेऊन ठेवा प्रूफवर.