944 सिग्नलला बंद पडली, सेल्फ नुसताच भुर्र फिरतोय. इंजिन गेलं का?

पेणकर_एडिसन:
लोकहो मदत करा. दीड महिन्यापूर्वी 86 ची पोर्श 944 घेतली, साधी आठ वॉल्व्हवाली, टर्बो नाही. ते वर उघडणारे दिवे लहानपणी एका पोस्टरवर बघितले तेव्हापासून डोक्यात होते, शेवटी पेनसिल्व्हेनियात एका आजोबांच्या गॅरेजात सापडली, 6500 डॉलरला. मीटरवर 71 हजार मैल. टायमिंग बेल्ट बदललाय का विचारलं तर म्हणाले हो हो झालाय, पावती शोधून पाठवतो. पावती अजून येतेच आहे.

काल रूट 1 वर सिग्नलला उभा होतो, हिरवा झाला, क्लच सोडला आणि गाडी बंद. धडाम नाही, धूर नाही, लाइट गेल्यावर पंखा थांबतो तशी गप्प. सेल्फ मारला तर नेहमीचा तो घर्र-घर्र दम लागल्यासारखा आवाजच नाही, नुसता भुर्रर्र, जसं आत काही नाहीच. आणि मी शहाण्याने पाच-सहा वेळा मारला. टो करून घरी आणली. इथला गॅरेजवाला फोनवरच म्हणतो इंजिन संपलं, पार्टसाठी विकून टाक. बायकोला अजून "बॅटरी असेल" एवढंच सांगितलंय. खरंच संपलं का?

भोसरीचा_फिटर:
भावा पहिलं म्हणजे आता सेल्फला हात लावू नको. भुर्र आवाज म्हणजे कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबली जाणं) नाही, आणि चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन एकदम गायब म्हणजे क्रँक (खालचा, पिस्टन हलवणारा दांडा) फिरतोय आणि कॅम (वरचा, वॉल्व्ह उघडणारा) जागेवर बसलाय. दोघांना जोडणारा टायमिंग बेल्ट गेला. आमच्याकडे डिझेल टॅक्सीवाले असेच टो करून यायचे, "मेस्त्री, सकाळी चांगली होती". डिझेलला तर वॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये जागाच नसते, हेड (इंजिनचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवल्याशिवाय सुटका नाही.

निळी_मिआटा:
माझ्या 1990 च्या माझदा मिआटाचा बेल्ट दोन वर्षांपूर्वी तुटला होता, चूक माझीच, बदलायचा राहून गेला होता. नवा घातला, मार्क जुळवले, एका सेल्फमध्ये सुरू. म्हणून म्हणते एवढा धीर सोडू नका, आधी नवा बेल्ट घालून बघा ना.

सदूकाका_मिशिगन:
ताई, तुमची गाडी वाचली कारण त्या 1.6 इंजिनात वॉल्व्ह पूर्ण उघडा असला तरी पिस्टन त्याला लागत नाही. 944 मध्ये लागतो. आमच्या गावी आई आणि काकू एकाच उखळात आळीपाळीने कांडायच्या, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. ताल होता तोवर ठीक, एकीचा चुकला की मुसळावर मुसळ. इथे तो ताल म्हणजे बेल्ट. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक, असं दात्यांनी बांधलेलं. बेल्ट गेला की कॅम कुठेतरी मध्येच थांबतो, एक-दोन वॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टन खालून येऊन त्यांना ठोकतो. अशा इंजिनात नुसता नवा बेल्ट घालून चावी फिरवायची म्हणजे आधीच वाकलेल्याला परत मार.

पेणकर, तू माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस म्हणून अरे-तुरे करतो. माझ्याकडे 88 ची आहे, बेल्ट तीनदा स्वतः बदललाय. आता नीट वाच. या गाडीत डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना वीज वाटणारा) रोटर थेट कॅमच्या पुढच्या टोकावर बसवलेला असतो, त्यामुळे बेल्टचं कव्हर न खोलता निदान होतं. कॅपचे स्क्रू सोड, कॅप बाजूला कर म्हणजे रोटर दिसेल. मग खाली क्रँकच्या बोल्टला 24 चा सॉकेट लाव आणि हाताने हळू, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरव. रोटर हलला नाही तर बेल्ट तुटलाय नाहीतर दाते गेलेत. हाताला कुठे अडल्यासारखं लागलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही.

मीटरवरच्या 71 हजारावर मात्र विश्वास ठेवू नको. या गाड्यांच्या ओडोमीटरमधलं बारकं प्लास्टिकचं गिअर फुटतं, काटा पळतो पण आकडे हलत नाहीत. तुझा आकडा दीड महिन्यात पुढे सरकला का ते बघ आधी.

पेणकर_एडिसन:
काका, आत्ता खाली जाऊन बघून आलो. आकडा 71,304. घेतली त्या दिवशी फोटो काढला होता, त्यातही 71,304. मी तिच्यावर किमान चारशे मैल फिरलोय 😐

कॅप काढली. क्रँक फिरतो, रोटर ढिम्म.

भोसरीचा_फिटर:
झालं मग. म्हाताऱ्याची पावती आता आली तरी काय उपयोग. पावती नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही, जुनी गाडी घेताना एवढंच धरून चालायचं आणि बेल्टचे पैसे आधीच किमतीतून कापून घ्यायचे.

सदूकाका_मिशिगन:
आता हेड काढायच्या आधी लीक टेस्ट कर, म्हणजे रोग कुठे आहे ते कळेल. चार सिलेंडरची गंमत अशी की एक नंबरचा पिस्टन वरच्या टोकापासून पाव फेरी सरकवला की चारही पिस्टन एकाच उंचीवर, साधारण मध्यावर येतात. तिथे क्रँक ठेव, गाडी पाचव्या गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला. आता कॅम सुटा फिरवलास तरी कोणी कोणाला लागत नाही. ज्या सिलेंडरचे दोन्ही वॉल्व्ह बंद होतील तिथे प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोड आणि कान लाव. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, इनटेकच्या तोंडातून आली तर इनटेक. कॅमेरा घालून बघणारे बरेच असतात, पण त्यात वाकलेला वॉल्व्ह दिसेलच असं नाही, फार तर पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण दिसते.

माझा अंदाज, तू उभ्या गाडीत होतास, आरपीएम कमी, वॉल्व्ह वाकले असतील पण तुटले नसतील. तुटून तुकडा आत पडणं वाईट, कारण या ब्लॉकला लोखंडी लायनर नाही, सिलेंडरची भिंत म्हणजे ॲल्युमिनियम-सिलिकॉनचाच नुसता ब्लॉक. त्याला ओरखडा पडला की खर्चाचा हिशोबच बदलतो.

पेणकर_एडिसन:
अपडेट. शनिवार-रविवार गेला, पाठीचा खुर्दा झाला. तीन नंबरची हवा सरळ इनटेकमधून, चारची सायलेन्सरमधून. एक आणि दोन घट्ट. काका तुम्ही म्हणालात तसंच, एक नाहीतर दोन.

मग कव्हर खोललं. वरून बेल्ट अख्खा दिसतो! हाताने दाबला तर थोडा ढिला एवढंच. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पण खाली क्रँकच्या गिअरपाशी टॉर्च मारली तर वीतभर लांबीतले दाते साफ, कोणी ब्लेडने तासल्यासारखे, आणि कव्हरच्या तळाशी रबराचा काळा चुरा, तेलात भिजून चिखल झालेला. मागे बघितलं तर क्रँकचं पुढचं ऑइल सील पाझरतंय.

सदूकाका_मिशिगन:
मग कारण तुझ्या हातातच आहे. तेल बेल्टचं रबर खातं. आणि तीन-चारची जोडी बरोबर जुळते, फायरिंग 1-3-4-2, एक कॉम्प्रेशनला असतो तेव्हा तीनचा इनटेक उघडा आणि चारचा एक्झॉस्ट. कॅम नेमका तिथे थांबला.

आता हेड उतरवतोच आहेस तर पुढची सगळी सीलं बदल, क्रँक, कॅम, दोन्ही बॅलन्स शाफ्ट (इंजिनची थरथर कमी करणारे). वॉटर पंप पण, तो याच बेल्टच्या पाठीवर फिरतो, त्याचं बेअरिंग अडकलं तर नवा बेल्ट पुन्हा जाईल. बेल्टचे रोलर सगळे नवे. तुझी 86 ची, म्हणजे ताण हाताने द्यायचा, स्प्रिंगचा टेन्शनर 87 पासून आला. ढिला ठेवलास तर बेल्ट दाते सोडून उड्या मारतो, जास्त ओढलास तर पंपाचं बेअरिंग रडतं. ताण मोजायचा गेज कोणाकडून तरी उसना आण, अंदाजाने करू नको, आणि हजार-दीड हजार मैलांनी एकदा परत ताण तपास. पुढे मैल झाले नाहीत तरी चार वर्षांनी बदलायचा, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

भोसरीचा_फिटर:
कॅम हाउसिंगचे ॲलन बोल्ट काढताना सांभाळ. एवढ्या वर्षांचे ते, डोकी गोल होतात. बिट पूर्ण आत बसवून वरून हातोडीने एक ठोका दे मग फिरव. आणि वॉल्व्ह दोन वाकलेत म्हणून दोनच बदलू नको, हेड मशीन शॉपला दे, वॉल्व्हचे गाईड पण बघायला सांग.

निळी_मिआटा:
माझा सल्ला मागे घेते 🙏 आणि बायकोला सांगितलंत का?

पेणकर_एडिसन:
सांगितलं. ती म्हणाली बॅटरी एवढी महाग असते का.

हेड निघालंय, पिस्टनवर फक्त दोन चंद्रकोरीसारख्या खुणा, नखाला लागतील एवढ्याच, भिंती स्वच्छ. मशीन शॉपवाला दहा दिवसांनी देतो म्हणाला. आता एक शेवटचं. तो दुसरा छोटा बेल्ट, बॅलन्स शाफ्टचा, दोन्ही बाजूंनी दाते असलेला, तो मला चांगला वाटतोय, तेल पण नाही लागलेलं. मित्सुबिशीच्या पेटंटची कल्पना पोर्शने पैसे मोजून घेतली होती वगैरे वाचलं, पण तो तुटला तर इंजिन फक्त जरा थरथरेल ना? 40-50 डॉलर वाचतील.

सदूकाका_मिशिगन:
तो तुटला की तुकडा कुठे जातो माहितीये का? शेजारच्या टायमिंग बेल्टमध्ये.

पेणकर_एडिसन:
ऑर्डर केला.