मदत हवी आहे: ४ बाय ६ चं जुनं बाथरूम, बजेट ६० हजार. काय फोडावं, काय ठेवावं?

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत १९८६ सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. संडास वेगळा, बाथरूम वेगळं. बाथरूम ४ बाय ६ फूट, वर माळा. दिवाळीआधी ते नीट करून घ्यायचंय. ६० हजारांच्या वर एक रुपयाही काढता येणार नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत आणि हल्ली अंघोळीला जायलाच घाबरतात. त्यांना न भिता, एकट्याने अंघोळ करता यावी, एवढं झालं तरी मला पुष्कळ आहे.

आत्ताची अवस्था अशी: खाली शहाबादी फरशी, झिजून इतकी गुळगुळीत झालीय की साबणाचं पाणी पडलं की पाय सरकतोच. भिंतीला तीन फुटांपर्यंत ६ इंची पांढऱ्या टाइल्स, त्यावर ऑइलपेंट, त्याचे पोपडे सुटलेत. टाइल्स नाण्याने वाजवून पाहिल्या. फरशीला लागून असलेल्या दोन ओळी पोकळ वाजतात, वरच्या सगळ्या घट्ट आहेत. पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, भिंतीतून गेलेले. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं. दरवाजा प्लायवूडचा, खालून वीतभर कुजून फुगलाय.

आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे खालच्या काकांच्या छताला, आमच्या न्हाणी ट्रॅपच्या (फरशीतलं सांडपाणी जिथून खाली जातं त्या भांड्याच्या) आसपास, ओल आली आहे. ते बिचारे तक्रार करत नाहीत, पण मलाच वर जाता-येता त्यांच्यासमोर अवघडल्यासारखं होतं.

एक कंत्राटदार म्हणतो सगळं फोडा, १ लाख ४५ हजार. दुसरा म्हणतो काहीच फोडू नका, टाइलवर टाइल बसवतो, ५५ हजारांत काम पूर्ण. पण मग ती ओल तशीच राहणार ना? माझ्या मनात असं आहे की वरच्या चांगल्या टाइल्स ठेवाव्यात आणि पैसे फरशी, पाइप, दरवाजा यांवर घालावेत. हे जमतं का? अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुमचा विचार बरोबर आहे. तुमच्याकडे पूर्ण भिंत सात फुटांपर्यंत करायची तर दरवाजा वजा जाता साधारण १२२ चौरस फूट आणि फरशी फक्त २४. खर्च भिंत खाते, त्रास मात्र फरशी देतेय. शिवाय ऑइलपेंटवर टाइलचं ॲडेसिव्ह धरत नाही, तो खरवडावाच लागतो, आणि तीन फुटांवर, जुनी टाइल संपते तिथे, जी खाच पडते ती प्लास्टरने भरून घ्यावी लागते. 'काहीच फोडू नका' म्हणणाऱ्याला हे विचारून बघा.

आधी गळती कुठली ते शोधा. दोन दिवस बाथरूम वापरू नका, पण मुख्य कॉक बंद करू नका, पाइपात पाणी भरलेलं राहू द्या. तरी ओल वाढली तर पाइप. सुकायला लागली तर न्हाणीचं तोंड चिंध्यांनी घट्ट बंद करून दीड-दोन इंच पाणी २४ तास साठवा. आता खाली ओल वाढली तर कोबा, म्हणजे फरशीखालचा पाणी अडवणारा थर, गेलाय. साठवून काही झालं नाही, पण तोंड उघडून बादल्या ओतल्यावर ठिपकलं, तर ट्रॅप किंवा त्याचा जोड.

कोबा गेला असेल तर शहाबादी आणि कोबा काढाच, ट्रॅपही नवा बसवा. त्या पोकळ दोन ओळी काढल्या की भिंतीचा खालचा एक फूट मोकळा होतो. वॉटरप्रूफिंग तेवढं वर चढवायलाच हवं. मग टाइल लावण्याआधी पुन्हा ४८ तास पाणी भरून ठेवायला सांगा. गवंडी घाई करेल, ऐकू नका. फरशीला मॅट, अँटीस्किड टाइल, शक्यतो लहान आकाराची. लहान टाइलने न्हाणीकडे उतार नीट काढता येतो.

पाइपासाठी भिंत फोडू नका. जुनी लाइन बंद करून सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) नवी लाइन भिंतीवरून उघडी घ्या. गीझरच्या लाइनला साधं पीव्हीसी नको, गरम पाण्याने ते मऊ पडतं.

प्रतिसाद २

आजींसाठी दोन गोष्टी. दरवाजा पीव्हीसी किंवा एफआरपीचा (फायबरचा) घ्या आणि जागा असेल तर बाहेर उघडणारा करा. आत कोणी पडलं तर आत उघडणारा दरवाजा अंगाशीच अडतो. दुसरं, धरायचा दांडा ३३ ते ३६ इंचांवर, विटेत अँकर बोल्टने. टॉवेलच्या दांडीवर भार देऊ देऊ नका. गीझरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काकांशी आजच बोलले, शनिवारी पाणी साठवून बघतोय. बाहेर दरवाजा उघडायला जागा आहे, फक्त समोर वॉशिंग मशीन येतं, ते सरकवू. एकच विचारायचं राहिलं: कोबा काढल्यावर सासूबाईंची अंघोळ संडासात करावी लागेल. काम किती दिवस चालतं, आणि गवंडी-प्लंबर वेगवेगळे लावले तर तारखा कशा जुळवता?